छापखान्याची चूक

आजींच्या ट्रंकेच्या तळाशी तो कागद दिसला आणि जुन्या जाहिराती जमवणाऱ्या त्या गृहस्थांना आकाश ठेंगणं झालं. तान्ह्या बाळांच्या खोकल्याचं औषध, आणि 'दहा थेंब'च्या जागी चक्क 'दहा चमचे' छापलेलं! चूक कळताच कंपनीने या जाहिराती झाडून सगळ्या जाळल्या, असं ते वीस वर्षं नुसतं ऐकत आले होते.

"आजी, घबाडच की हो हे! इतकं जपून का ठेवलंत?"

आजींनी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

"माझा भाऊ तेव्हा चार महिन्यांचा होता. गल्लीत वाचता यायचं ते एकट्या आमच्या आईला. बाकीच्या बायकांनी दुकानदार म्हणाला तसे थेंबच दिले. त्यांची पोरं वाचली."