हरकतीची खिडकी

"हरकत माझ्यासमोर, स्वतःच्या हातानं लिहायची. एका वेळी एकच माणूस. पाच वाजता खिडकी बंद," विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकूनबाईंनी बजावलं.

रांगेत प्रार्थनाघराची सतरा माणसं होती आणि सगळ्यात पुढे त्यांना प्रवचन देणारे गुरुजी. समोरच्या बाकावर गुरुजींचा मुलगा बसला होता, त्याच्याशेजारी त्याचा होणारा नवरा. हरकतीचा आज शेवटचा दिवस. एक जरी नोंदली गेली, तरी उद्याचं लग्न बारगळणार होतं.

"लग्न म्हणजे बाई आणि पुरुष, हे देवानं ठरवलंय. नवा कायदा करून त्यात बदल करणारं सरकार कोण लागून गेलं?" रांगेतला सुतार मोठ्यानं म्हणाला. मुलाला ऐकू जावं म्हणूनच म्हणाला. मुलाला त्याचं काही वाटलं नाही. परक्यांचं काय घेऊन बसायचं? पण सख्खा बाप पुढे उभा होता, त्याच्याकडे मात्र त्याला बघवत नव्हतं.

चार वाजता गुरुजींनी चष्मा पुसला. अर्ज वाचला. परत वाचला. एक ओळ लिहिली, खोडली, नवा कागद मागितला. "बाई, आधी माझं नाव की माझ्या वडिलांचं?" बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. साडेचार झाले, पावणेपाच झाले, तरी गुरुजी आपले पत्त्यावरच!

सुतार चुळबुळला. "गुरुजी, तोवर मी पटकन देऊन टाकू का?"

झालं! मागून चौघं त्याच्यावर खेकसले. गुरुजींच्या आधी कुणी घास तोंडात घालत नाही, आणि हा निघाला हरकत द्यायला! रीत म्हणजे रीत. सुतार ओशाळून मागे सरला.

पाच वाजले. बाईंनी खिडकीच्या झडपेला हात घातला. रांगेत एकच गलका झाला.

"अहो, दोन मिनिटं थांबा की!"

"अर्धं मिनिटसुद्धा नाही. फक्त गुरुजींची घेते, तासभर लिहितायत बिचारे. द्या इकडे."

मुलानं डोळे मिटून घेतले.

गुरुजींनी कागदाचे चार तुकडे केले आणि खिशात टाकले. मग प्रवचनाच्या खणखणीत आवाजात, सतराजणांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, उद्या माझ्या पोराचं लग्न किती वाजता? साक्षीदार म्हणून बापाची सही चालते ना?"