खिडकीखालचा मोगरा

भारतीने मानेवाड्यातलं घर घेतलं तेव्हा सगळी बाग वाळून गेली होती. मागच्या खोलीच्या खिडकीखालचा मोगरा तेवढा हिरवागार होता. “आम्ही दोघंच म्हातारे, बागेले पाणी कोण देणार?” घर विकणारे काका म्हणाले होते.

आज सुतार त्या खोलीचं दार बदलायला आला आणि थबकला.

“ताई, या दाराले आतून कडीच नाही. बाहेरून तीन आहेत.”

भारतीने काकांना फोन लावला. “मागच्या खोलीत कोण राहायचं, काका?”

“कोणी नाही. अडगळ होती.”

तेवढ्यात त्यांच्या मागून एका बाईचा आवाज आला. “बाबा, माह्या मोगऱ्याले पाणी देऊन राहिले का ते लोकं?”

मग फोनमध्ये दार लोटल्याचा आवाज आला. पाठोपाठ कडीचा. एकदा, दोनदा, तीनदा.