दोन दिवस गप्प

"दोन दिवस गप्प बसली पाहिजे, एवढंच बघा," गाडीवाला म्हणाला. "मग तिचं ती बघेल."

मिस्त्रीने बॉनेटवर हात ठेवला. गाडी उभ्या जागी हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता, बाजूच्या आरशात गॅरेजचं पत्र्याचं दार नाचत होतं. पळताना म्हणे काही नाही. थांबली की हा तमाशा.

"तिचं ती म्हणजे कुणाचं?"

"बहिणीचं. वडील गेले, गाडी तिच्या वाट्याला आली." गाडीवाल्याने कडक इस्त्रीच्या बाहीवरची नसलेली धूळ झटकली. "रेसचा स्क्रू जरा पिळा. रेस वाढली की थरथर दबते. मला कळतं त्यातलं."

"कळतं ना? मग तुम्हीच पिळा की. पेचकस देऊ?"

गाडीवाला हसला. त्याला ती थट्टा वाटली. मिस्त्रीने या दारात नाही नाही ती माणसं बघितली होती. पण सख्ख्या बहिणीला गंडवायला सकाळी सकाळी नंबर लावून उभा राहिलेला हा पहिलाच.

तेवढ्यात फोन वाजला. गाडीवाल्याने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"ताई, गॅरेजातच आहे बघ. तुझ्याच गाडीपाशी."

"अरे, कशाला त्रास घेतोस?" पलीकडे शिलाई मशीन खडखडत होतं. "मी तशीच नेली असती. कपड्यांचे गठ्ठे दुकानांत पोचवायला झाली म्हणजे झालं. बसमध्ये गठ्ठा बघितला की कंडक्टर रोज बोलतो रे."

"असं कसं, ताई? बहिणीला तशीच देऊ होय?"

फोन ठेवला आणि मिस्त्रीकडे बघून डोळा मारला.

तो डोळा मिस्त्रीला झोंबला. "स्क्रूबिक्रू मी पिळणार नाही," तो म्हणाला. "रोग असेल तो काढीन. बसा त्या टायरवर."

इस्त्री मोडेल म्हणून गाडीवाला उभाच राहिला.

मिस्त्रीने प्लगची एकेक वायर काढून बघितली. वायर काढली की इंजिन आणखी लंगडायचं, लावली की सावरायचं. चारही वायरींना तेच. म्हणजे चौघं आपापलं काम करत होते, कामचुकार त्यांच्यात कुणी नव्हता. कामचुकार मागे उभा होता. आग ठीक, मग खोट हवेत. कुठून तरी चोरटी हवा आत शिरत होती. मिस्त्रीने कान खाली नेला. मागच्या अंगाला बारीक सुसकारा ऐकू आला. बोटाएवढा रबरी पाईप, वरून धडधाकट, खालून चिरलेला. त्याने चिरेवर बोट दाबलं. गाडी शांत. बोट उचललं, पुन्हा हुडहुडी.

त्याने नवा तुकडा कापून चढवला, क्लिप आवळली. मग जरा फुशारकीनेच चालू इंजिनाच्या झाकणावर एक पाना उभा करून ठेवला. पाना हलला नाही.

"चालू आहे?" गाडीवाल्याने विचारलं.

"चालू आहे."

गाडीवाला आत जाऊन बसला. स्टिअरिंगवरून हात फिरवला, सीट मागे घेतली, आरसा आपल्या तोंडाला लावून घेतला. बराच वेळ तसाच बसला.

"मिस्त्री, ही तर मलाच ठेवायला हरकत नाही."

"आणि बहीण?"

"वडिलांची स्कूटर आहे परसात. ती देऊ तिला. तिला तरी कुठं लांब जायचंय?"

"चालते?"

"ढकलली की चालते." त्याने फोन काढला. "सांगतो तिला, गाडीत काही राम नाही म्हणून."

मिस्त्रीला स्वतःचीच चीड आली. काय गरज होती पाना उभा करून दाखवायची?

"दम धरा," तो म्हणाला. "माझी अजून खात्री नाही. इंजिन बंद करा एकदा."

तो बॉनेटखाली वाकला. क्लिप सैल केली, नवा पाईप काढून शर्टाच्या खिशात सरकवला, जुना चिरलेला तिथे परत चढवला. पाना पुन्हा झाकणावर उभा केला.

"मारा स्टार्टर."

गाडी सुरू झाली आणि पाना खणकन खाली पडला.

"हे काय आता?"

"जुनं दुखणं आहे, शेठ. बसल्यासारखं वाटतं, परत उठतं. तुम्ही ठेवणार असाल तर इंजिन खोलतो. महिना धरून चला. नंतरही छातीठोक सांगता येणार नाही."

गाडीवाला तुरटी चघळल्यासारखं तोंड करून खाली उतरला. "छे. जाऊ दे ताईलाच. तिचं ठरलंच होतं." लगेच मोठ्या आवाजावर फोन लावला. "ताई, उद्या पाठवतो गं गाडी. अगदी सोनं आहे, सोनं."

मिस्त्री फोनकडे तोंड करून बोलला, "ताई, मी मिस्त्री. गाडी हातात आली की आधी माझ्याकडे आणा. दुसऱ्या कुणाला दाखवू नका."

"आणते, दादा," मशीनच्या खडखडाटातून आवाज आला.

गाडीवाल्याने फोन ठेवला. "बरंय तुमचं. उद्याचं गिऱ्हाईक आजच गळाला लावलं." नाक मुरडून त्याने पुन्हा बाही झटकली. "आता तो स्क्रू तरी पिळा."

मिस्त्रीने पेचकस घेतला आणि पिळला. रेस वाढली, थरथर दबली. खिशातून पाईपचं टोक बाहेर आलं होतं, ते त्याने अंगठ्याने आत ढकललं.

"मग मघाशी का नाही म्हणालात?"

"मघाशी तुमची नीट ओळख झाली नव्हती," मिस्त्री म्हणाला आणि धाडकन बॉनेट पाडलं.