विहिरीवरचा फोन

घंटी वाजली. थोडा वेळ नुसतीच खरखर. मग खट्ट झालं आणि मनकर्णाबाईंच्या कानात पाणी सुरू झालं.

सिंदी मेघेच्या घरात, दुपारच्या उन्हात, त्या फोन कानाला लावून डोळे मिटून बसल्या होत्या. संत्र्याची बाग दूर तळेगावला. नवरा गेल्यावर मुलाने, योगेंद्रने, त्यांना इकडे आणलं आणि विहिरीवरच्या मोटरीला एक मोबाइल जोडून दिला. २००७ साली असं काही गावात कोणी पाहिलं नव्हतं. फोन लावला की तो आपोआप उचलला जायचा आणि मोटर चालू. झाडाच्या मुळाशी पुरलेली सळई मातीची ओल ओळखायची. माती भिजली की मोटर आपोआप बंद. मोटरीचा आवाज कळावा म्हणून फोन तेवढा वेळ स्पीकरवर सुरूच राहायचा.

मनकर्णाबाईंना मात्र त्यातून सगळी बागच ऐकू यायची. पाटातलं पाणी, बुलबुल, पानांतून सरकणारा वारा. हळूहळू त्या झाडांशी बोलू लागल्या. नवऱ्याच्या आठवणी सांगायच्या, मधेच हसायच्या. सून अंजूला गंमत वाटायची, पण त्या वेळी ती टीव्ही बंद ठेवायची.

एका दुपारी त्यांनी झाडांना दिराची गोष्ट सांगितली. पुंडलिकरावांचं वावर धुऱ्यापलीकडेच, बांधाला बांध लागून. वाटणीच्या वेळी मनकर्णाबाईंनी त्यांना सुनावलं होतं, आमच्या वावरात पाय ठेवायचा नाही म्हणून. तेव्हापासून पुंडलिकराव ना आले, ना बोलले. भावाच्या मयतीलाही ते दूरच उभे राहिले.

"माहीच जीभ वाईट," मनकर्णाबाई फोनात म्हणाल्या. "भाऊजीचं काईच चुकलं नोतं."

पलीकडे पानं सळसळली. त्यांना हलकं वाटलं.

पुढच्या रविवारी योगेंद्र त्यांना बहार दाखवायला घेऊन गेला. बाग फुलांच्या वासाने जड झाली होती. झाडांखाली माती ओली होती. योगेंद्रने मोटरीजवळची पेटी उघडली आणि तो थबकला.

"आई, हे यंत्र तं कवाचंच जळलं! सळईची तारही तुटली. फोन तेवढा चालू हाय. यानं मोटर सुरूच होऊ शकत नाई."

"रोज तं पाणी आयकू येते मले."

"लाव बरं फोन."

त्यांनी लावला. पेटीत घंटी खणखणली. धुऱ्यापलीकडे हरभरा सोंगणारा एक म्हातारा विळा टाकून उठला आणि लगबगीने इकडे येऊ लागला. योगेंद्रने आईला झाडाआड ओढलं.

पुंडलिकरावच होते. त्यांनी हाताने मोटरीचा खटका दाबला. पाटाला पाणी आलं. झाडाच्या बुडाशी बोटं खुपसून त्यांनी ओल पाहिली. मग डोक्याचा दुपट्टा सोडून ते पेटीशेजारी बसले, पेटीकडे कान करून.

मनकर्णाबाईंच्या हातात फोन तसाच होता. पाणी वाहत राहिलं.

बऱ्याच वेळाने पुंडलिकराव काळजीने पेटीकडे वाकले. त्यांचा आवाज मनकर्णाबाईंना दोन्हीकडून आला, फोनातून आणि झाडापलीकडून.

"वहिनी, आज काऊन बोलून नाई राह्यल्या?"