पहिला बाक

"कपाटाच्या चाव्या दोनच. एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे," पाद्रीसाहेब म्हणाले. "आणि पेपर मी फोडलेला नाही."

टायपिस्टबाई त्यांच्या टेबलासमोर उभ्या होत्या. अँग्लिकन चर्चचं व्यासपीठ आणि शेजारच्या शाळेतली मुख्याध्यापकाची खुर्ची एकाच माणसाकडे असली, की दोन्हीकडे त्याचंच खरं असतं. आधी नागरिकशास्त्र, आता इतिहास. दहावीच्या ढ पोरांनाही पैकीच्या पैकी! प्रश्न साहेब काढत, टाइप बाई करत. मग संशय घ्यायचा तरी कुणावर? आठवडाभर साहेबांनी बाईंची केराची टोपली उपसली. डबा खाताना त्या कुणाशी बोलतात, ते दाराआडून पाहिलं. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली.

"बावीस वर्षं झाली, सर."

"म्हणूनच पोलिसांत जात नाही. राजीनामा मीच लिहून ठेवलाय. फक्त सही करा."

या वयात दुसरी नोकरी कोण देणार? अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला काय सांगणार? बाईंनी कागद हातात घेतला. मागची शाई पुढे उमटली होती, म्हणून उलटून पाहिला. साहेबांच्या टपोऱ्या अक्षरात इतिहासाचा चौथा प्रश्न, खाडाखोडीसकट.

"सर, हे काय?"

"कच्चा पेपर. मागची बाजू कोरी असते, ती वाया का घालवायची? रविवारचा उपदेशही मी त्यावरच लिहितो."

"आणि वाचताना कागद नाकापाशी धरता."

"नजर अधू झालीय माझी. त्याचं काय?"

"समोर पहिल्या बाकावर कोण बसतं, सर?"

साहेबांच्या डोळ्यांपुढे रविवारचं चर्च आलं. दहावीची मुलं हल्ली अर्धा तास आधी येऊन पहिला बाक पटकावत. उपदेश संपेपर्यंत त्यांची नजर हलत नसे. कुणी कुणी तर लिहूनही घेई. घरी बायकोला त्यांनी याचं केवढं कौतुक ऐकवलं होतं!

दारावर टकटक झाली. दहावीची मॉनिटर अदबीनं आत डोकावली.

"सर, रविवारी उपदेश तुम्हीच देणार ना? सोमवारी भूगोलाचा पेपर आहे, तरी आमचा अख्खा वर्ग येणार आहे."

साहेबांनी नुसती मान हलवली. ती गेली. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"सर, सही कुठल्या बाजूला करू?"