एकाचा फरक

सलग सहाव्या दिवशी एक माणूस कमी भरला.

दिपमालाने दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पुन्हा बेरीज केली. बोळात शिरलेले चार हजार तीनशे बारा. बाहेर पडलेले चार हजार तीनशे अकरा.

जळगावच्या मध्यवस्तीतून लाइट रेल नेण्याचा आराखडा चालला होता. स्टेशनकडून बाजारात जाणारा हा बोळ रुळांसाठी घ्यायचा की पायी चालणाऱ्यांना ठेवायचा, हे या मोजणीवर ठरायचं होतं. त्यासाठीच ती धुळ्याहून आली होती. बोळाच्या दोन्ही तोंडांशी एकेक माणूस बसवला होता. कोणी आत गेलं की उजव्या हातातल्या काउंटरचं बटण दाबायचं, बाहेर आलं की डाव्या. सकाळी सात ते संध्याकाळी सात.

दहा-वीसचा फरक तिने चालवून घेतला असता. माणसं चुकतातच. पण रोज नेमका एक?

तिचे वरिष्ठ, नवलसाहेब, यांचा फोन आला. "कोणीतरी मनाने आकडे भरतंय. शोध आणि काढून टाक त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोळातून चालत गेली. एका बाजूला बंद गिरणीची भिंत, दुसऱ्या बाजूला शाळेची. दार नाही, खिडकी नाही. बाहेर ऊन रणरणत होतं, आत मात्र गार वाटत होतं. मध्यावर तिने अंग चोरून कोणाला तरी वाट दिली. मग लक्षात आलं, समोर कोणीच नव्हतं.

ती भराभर चालत बाजाराच्या तोंडाशी आली. तिथे प्रशील बसायचा, पंचविशीचा, हुशार पोरगा. त्याच्या तक्त्यांतले पाव-पाव तासाचे आकडे तिने ताडून पाहिले. स्टेशनच्या तोंडाशी बसणाऱ्या कौतिकनानांच्या तक्त्यांतलेही पाहिले. फरक सापडला. रोज दुपारी एक ते सव्वाच्या दरम्यान.

एकच्या आधीच ती कौतिकनानांशेजारी स्टूल घेऊन बसली. धरणगावच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं कापसाच्या गाठी मोजलेला माणूस. नजर बोळावरून हलत नव्हती.

एक वाजून गेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

नानांचा उजवा अंगठा दाबला गेला. टक्.

"नाना, आत्ता कोण गेलं?"

नानांनी मान खाली घातली.

"मनी, माझी बायको. ताईबाई," ते म्हणाले. "धरणगावच्या गाडीतून उतरायची, मेथीची पाटी डोक्यावर. एक वाजता याच बोळातून बाजारात जायची. वीस वर्षं."

"आणि आता?"

"मागल्या पोळ्याला गेली. ती नही शे, ते माले समजस, मॅडम. मी काही येडा नही. पण एक वाजना का बोट आपोआप दाबाई जास."

एवढंच होतं तर. सहा दिवस दिपमालाने उगाच नाही नाही ते मनात आणलं होतं.

"मी हे कोणाला सांगणार नाही, नाना. पण आता कोणी नसताना बटण दाबायचं नाही. साहेब तुम्हाला काढून टाकतील."

"आते नही दाबसु," नाना म्हणाले.

आजचा एक तिने तिथेच स्वतःच्या हाताने वजा केला. त्या संध्याकाळी दोन्ही तक्ते जुळले. कितीतरी दिवसांनी ती गाढ झोपली.

आठव्या दिवशी एक वाजता ती पुन्हा नानांजवळ होती. नानांनी दोन्ही काउंटर मांडीवर ठेवले आणि दोन्ही मुठी घट्ट आवळल्या. बोळाकडे पाहणं त्यांनी टाळलं. रिकाम्या रस्त्यावरून धुळीचा एक लोट आला आणि बोळात शिरला. सव्वा वाजला तेव्हा नानांनी उपरण्याने डोळे पुसले.

"झालं, नाना," ती हलकेच म्हणाली.

संध्याकाळी सातला बोळ रिकामा झाला. तिने निवांतपणे बेरीज मांडली. आत गेलेले चार हजार दोनशे सहा.

बाहेर आलेले चार हजार दोनशे सात.

तिने पुन्हा मोजलं. मग पाव-पाव तासाचे आकडे काढले आणि प्रशीलला फोन लावला.

"प्रशील, एक ते सव्वामध्ये तुझ्याकडे एक जास्त आहे. कोणाला दोनदा मोजलंस का?"

"नाही मॅडम. तेव्हा एकच बाई बाहेर आल्या," प्रशील म्हणाला. "खरं तर त्या माझ्याकडून सुटल्याच असत्या, मी चहा घेत होतो. पण त्या स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, 'भाऊ, आज त्या टोकले माले मोजं नही. तू तरी मोजी ले.'"