चित्त्याचं वजन

डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवलेला दरबारचा शिकारी चित्ता मस्तान पारड्यात एकटा बसत नसे. म्हणून त्याचा रखवालदार इलाही आधी बसला आणि चित्त्याला त्यानं मांडीशी ओढून घेतलं. मंगळवार पेठेतून आणलेला गुळाचा मोठा काटा करकरला. जोतीराम तोलाऱ्यानं पलीकडं वजनं चढवली.

"दोघं मिळून दोन मण चोवीस शेर."

कारकून गणपतरावांनी वही उघडली. गेल्या साली इलाही एक मण बावीस शेर भरला होता. तेवढं त्यांनी वजा केलं. चित्त्याचे उरले एक मण दोन शेर, म्हणजे बेचाळीस शेर. गेल्या साली तो अठ्ठेचाळीस होता.

सन एकोणीसशे. दुष्काळात रुपयाचा जोंधळा बारा शेरांवरून सहा शेरांवर आला होता. मस्तानला मटण रोज चार शेर, भाव काहीही असो. इलाहीला पगार महिना आठ रुपये, भाव काहीही असो. रखवालदारांचा महागाईचा अर्ज दरबारातून परत आला होता. फक्त ज्याचं जनावर घटलं नाही, त्याला दीड रुपया बढती मिळणार होती.

"सहा शेर घटलाय. बढती नाही," गणपतराव म्हणाले.

जोतीराम हसला. "मटण कुनाच्या हंडीत शिजलं म्हनायचं, इलाहीभाई?"

"हंडी बघाय चल की घरी. चार म्हैनं पालथी पडलीया." इलाही गणपतरावांकडं वळला. "रावसाहेब, मला येकट्याला जोखा."

"कशाला? तुझं वजन वहीत आहे."

"ते गेल्या सालचं हाय."

मस्तानला खुंटीला बांधून इलाही पुन्हा पारड्यात बसला. जोतीरामनं पलीकडं वहीतलं गेल्या सालचं वजन ठेवलं आणि तो एकेक शेर उतरवत गेला. पाचव्या शेराला त्याचं हसू थांबलं. सातव्याला काटा सरळ झाला.

"एक मण पंधरा."

गणपतरावांनी वजाबाकी दोनदा केली. चित्ता एकोणपन्नास शेर. शेरभर वाढलाच होता.

"बढती लिहितो. उतर."

इलाही उतरला नाही. "माजं सात शेर घटलं. त्येबी लिवा."

"कुठं लिहू? ही वही जनावरांची आहे."

"मग मला जनावरांत धरा की."

गणपतरावांनी लेखणी दौतीत बुडवली आणि तशीच धरून ठेवली. एका पारड्यात लोखंड, दुसऱ्यात इलाही. काटा जराही हलत नव्हता.